डाव्या हाताची नखं

त्याने डाव्या हाताने चहात साखर ढवळली आणि माझे डोळे त्याच्या बोटांवर अडकले. नखं वाढलेली होती. थोडीथोडकी नाही, चांगली बोटांच्या टोकाबाहेर आलेली, घासून गोल केलेली, चकचकीत. चहाच्या दुकानात माणसं होती, खिडकीबाहेर बसथांबा होता, काउंटरमागे दोन मुली हसत हसत कप विसळत होत्या, सगळं कसं भरदिवसा, चारचौघांत, माझ्या लेकीने बजावलं होतं अगदी तसं. आणि समोर हा पन्नाशी ओलांडलेला, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेला सभ्य माणूस, जो गेले कितीतरी दिवस मला लिहीत होता की तो गिटार वाजवतो. तारेचं वाद्य वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला नखं नसतात. नसतातच. तार दाबायची ती डाव्या हाताने, आणि नख असलं की बोट टेकतच नाही, नुसतं नख टेकतं आणि तार करवादते. हे मला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. आमचे व्हायोलिनचे मास्तर शिकवणी सुरू व्हायच्या आधी हात पुढे करायला लावायचे आणि जरा पांढरं दिसलं की खिशातून नेलकटर काढून स्वतः कापायचे, पार मांसापर्यंत. ताई कधी हूं की चूं करायची नाही. मी मात्र घर डोक्यावर घ्यायचे. पुढे मास्तर गेले, शिकवणी संपली, लग्नं झाली, पण रविवारी सकाळी डाव्या हाताची नखं कापायची सवय आम्हा दोघींची कधी सुटली नाही. लग्नातसुद्धा माझा डावा हात मुलाच्या हातासारखा दिसत होता, सासूबाईंनी तेव्हाच नाक मुरडलं होतं.

तो बोलत होता. चष्म्याच्या दुकानात काम करतो, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो, असं काहीतरी. मी हो हो म्हणत होते आणि डोळे सारखे त्या बोटांवर जात होते. गिटारवाले नखं राखतात हे मला ठाऊक होतं, पण उजव्या हाताची, छेडायला. याची डाव्या हाताची. म्हणजे याने कुठल्यातरी वादकाचा आरशात काढलेला फोटो बघितला असणार, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, आणि बिचाऱ्याने नक्कल केली ती चुकीच्या हाताची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या हुशारीवर मीच खूश झाले आणि त्याच क्षणी घाबरलेही, कारण नक्कल करणारा माणूस उगाच नक्कल करत नाही. मनात एकेक आठवायला लागलं. याने मला वाजवलेलं पाठवलं होतं, पण नुसता आवाज, चित्र नाही. चेहरा दाखवायला संकोच वाटतो म्हणाला होता. आवाज काय, कुणाचाही उचलून पाठवता येतो. नावही धड सांगितलेलं नाही, आमची ओळख झाली त्या वादकांच्या साइटवर तो स्वतःला ‘सहावी तार’ म्हणवतो. तेव्हा मला ते किती गोड वाटलं होतं! गोड बोलणाऱ्यापासूनच जपायचं असतं हे सांगायला आता आई नाही, ताई नाही, उरली ती लेक, आणि तिचं मी एका कानाने ऐकत होते.

खरं म्हणजे मला त्या साइटवर जायचं काही कारण नव्हतं असं लेक म्हणायची. घरी बसून वाजव की, कोण अडवतंय? तिला कसं सांगू. ताईने आणि मी जन्मभर दोन व्हायोलिनची जोडी वाजवली. चाल ताईची. मी दुसरा आवाज, खालून धरून ठेवणारा, ती थांबली की भरणारा, ती वर गेली की खाली पायरी देणारा. मास्तरांनी पहिल्याच वर्षी वाटणी करून टाकली होती आणि आम्ही ती कधी मोडली नाही. ताई गेली आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात एकही अख्खं गाणं नाही. सगळी अर्धी. मी व्हायोलिन काढायचे, वाजवायला लागायचे, आणि फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकू यावी तसं व्हायचं: हं, हो, बरं, मग, हं. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात भेटल्या आणि कौतुकाने म्हणाल्या की या वयात शिकायला सुरुवात केलीत, बरं वाटतं हो. घरी आले आणि व्हायोलिनची पेटी पलंगाखाली सरकवली. नंतर ती पेटी तिथे आहे हे पायांना कळायचं, झोपताना, आणि ते काही केल्या विसरता यायचं नाही. एखादी वस्तू टाकता येत नाही आणि वापरताही येत नाही तेव्हा ती घरात माणसासारखी राहायला लागते. मला भीती वाटायची ती याची, की आणखी दोन वर्षं अशीच गेली तर बोटं विसरतील, आणि मग ताई खरोखरच गेली असं होईल. म्हणून मी साइटवर लिहिलं होतं, दुसरा आवाज वाजवते, सोबत हवी आहे. तीन-चार जणांनी उत्तरं दिली. एकाने पहिल्याच निरोपात घरचा पत्ता विचारला, एकाने माझा फोटो मागितला, व्हायोलिनचा नाही, माझा. लेकीने दोघांनाही तिथल्या तिथे बंद करून टाकलं आणि मला समोर बसवून धडे दिले. पहिली भेट बाहेर, दिवसा. वाद्य न्यायचं नाही. आपल्या पैशाने जायचं, आपल्या पायांनी यायचं, कुणी घरी सोडतो म्हणालं तर नको म्हणायचं. समोरचा कप सोडून उठायचं नाही. कुठल्या खोलीत बसायची वेळ आली तर दार उघडं. आणि अर्ध्या तासाने ती फोन करणार, त्यात मी आजीच्या औषधांचं काढलं की समजायचं की काहीतरी बिनसलंय. आजी जाऊन वीस वर्षं झाली. मी हसले होते. लेक हसली नव्हती. ती लहान असताना मी तिला शाळेत सोडताना असंच सगळं बजावायचे, अनोळखी माणसाने काही दिलं तर घ्यायचं नाही, आणि ती असंच मान हलवायची, म्हणजे आईची टकळी चालूच असते असं तिला वाटत असणार. आता आईची भूमिका ती करत होती आणि मी मान हलवत होते.

फोन आला. मी जरा जास्तच मोठ्याने म्हणाले की हो, आजीची औषधं आणायची राहिलीच, निघते. पर्स ओढली तर त्यातून राळेची डबी घरंगळली. गजाला लावायची राळ. वाद्य न्यायचं नाही म्हणून लेकीने सांगितलं होतं, राळेचं काही म्हणाली नव्हती, आणि मला काहीतरी जवळ हवं होतं. तो चटकन वाकला, डबी उचलली, उजव्या हाताने माझ्या तळहातावर ठेवली. बोटांची टोकं माझ्या हाताला लागली, कडक, खरखरीत. काहीतरी खटकलं, पण थांबायला वेळ कुणाला होता. तो म्हणाला, “औषधं महत्त्वाची. गाणं कुठे पळून जातंय?” मी पाय काढता घेतला. घरची बस समोर उभी होती, तिच्यात चढले नाही, उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले, हाही लेकीचाच धडा. दोन थांबे गेल्यावर मागे वळून बघितलं. मागच्या सीटवर एक बाई पोराच्या नाकाला रुमाल लावत होती. दुसरं कुणी नव्हतं. जीव भांड्यात पडला आणि लगेचच रडू आलं, का ते मला त्या बसमध्ये कळलं नाही.

लेक कामावरून तशीच माझ्याकडे आली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं केलंस, शंका आली की उठायचं, पुरावा शोधत बसायचं नाही. मग म्हणाली की साइटवाल्यांना कळवू या, म्हणजे आणखी कुणी फसणार नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. ‘सहावी तार’चा निरोप. ‘नीट पोचलात ना?’ एवढंच. लेक म्हणाली बघ, पाळत. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कळवायचं उद्या बघू म्हणाले. लेकीने रोखून बघितलं. तिला वाटलं मी भोळी आहे. मी भोळी नाही, मी दमले होते. इतके दिवस त्या माणसाने पाठवलेलं वाजवणं मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना लावून ठेवायचे आणि त्यावर मनातल्या मनात माझा आवाज बसवायचे. तो ज्या ठिकाणी श्वास घेतल्यासारखा थांबायचा तिथे बरोबर माझी जागा असायची. ते वाजवणं कुणाचं होतं मग? कुणीतरी ते वाजवलं होतं हे तर खरं. हा चोर असेल, पण ज्याच्याकडून चोरलं तो तर कुठेतरी आहे, असा वेडपट विचार करत मी जेवण गरम केलं आणि लेकीला वाढलं.

दुसऱ्या दिवशी कामावर मन नव्हतं. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते आणि कापते. लांब टेबल, खडूच्या रेघा, एकावर एक कापडाचे थर, डोक्यावर पांढरा दिवा. इथे विचार करायला भरपूर जागा मिळते, हात आपले चालत असतात. माझी कात्री धारेला गेली होती म्हणून शेजारच्या टेबलावरची उचलली. ते टेबल आमच्यातल्या नव्या कटरणीचं, बोलघेवडी पोर, सगळे तिला चिमणी म्हणतात. कात्री चालवली तर कापड कापलं जाईना. पात्यांच्या मध्ये दुमडून अडकायचं नुसतं. जोर लावला तर आणखी दुमडलं. कात्रीला शिव्या घालणार तेवढ्यात चिमणी पाणी पिऊन आली आणि म्हणाली, “मावशी, ती तुमच्या हाताची नाही. मी डावखुरी आहे ना, पाती उलटी बसवलीत.” तिने ती माझ्या हातातून घेतली, डाव्या हातात धरली, आणि तेच कापड लोण्यासारखं कापत गेली. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. चमचा त्याच्या डाव्या हातात होता. साखर डाव्या हाताने ढवळली होती. आणि माझ्या तळहातावर, ज्या जागी डबी ठेवली गेली त्या जागी, ती बोटांची टोकं परत लागली, उजव्या हाताची, कडक. तारेने कडक केलेली. घट्टे! माझ्या डाव्या हाताला आहेत तेच, ताईच्या डाव्या हाताला होते तेच, शेवटच्या आजारपणात ती निजलेली असताना मी तिच्या बोटांवर अंगठा फिरवायचे आणि ते मऊ पडत चाललेत हे मला कळत होतं. या माणसाने उजव्या हाताने तारा दाबल्या होत्या आणि डाव्या हाताने छेडल्या होत्या, आणि नखं अगदी जिथे असायला हवीत तिथेच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी मटकन स्टुलावर बसले. चिमणीला वाटलं मला चक्कर आली, तिने पाण्याची बाटली पुढे केली. मी तिला म्हणाले की मास्तर चुकले गं. ती म्हणाली कोण मास्तर. तेही बरोबर होतं. मास्तरांच्या शिकवणीत डावखुरं पोर आलं असतं तर त्यांनी त्याच्या हातावर पट्टी मारून उजवं केलं असतं, म्हणून मी जन्मात डावखुरा वादक पाहिलाच नव्हता.

डब्याच्या सुट्टीत मी त्याला लिहिलं. तीनदा खोडलं. शेवटी सरळ लिहिलं की औषधं वगैरे काही नव्हतं, तुमची नखं बघून घाबरले, तुम्ही डावखुरे आहात हे लक्षातच आलं नाही, मला फार वाईट वाटतंय. उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही. ती दुपार माझी कशी गेली ते मलाच माहीत. गेला हा माणूस, असं मनाशी धरूनच चालले होते. आपल्याला चोर समजणाऱ्या बाईसोबत कोण वाजवील? कारखान्याच्या फाटकाशी फोन वाजला. त्याने लिहिलं होतं, ‘उठून गेलात ते बरोबर केलंत. काउंटरजवळच्या टेबलावर हिरव्या शालीतली बाई पेपर वाचत होती, आठवते? ती माझी वहिनी. पेपर उलटा धरला होता. मागे एकजण सोबत वाजवू या म्हणून आला आणि माझी गिटार बघायला म्हणून घेऊन गेला, तो गेलाच. तेव्हापासून वहिनी मला एकट्याला कुणाला भेटू देत नाही. तुम्ही इतक्या घाईने गेलात की तीच घाबरली, म्हणाली या बाईच्या पर्समध्ये काय होतं ते बघितलंस का.’ मी फाटकाशी उभी राहून एकटीच हसले. आपण ज्याला घाबरतो तो आपल्याला घाबरलेला असतो, हे मला झुरळांच्या बाबतीत लहानपणापासून माहीत होतं, माणसांच्या बाबतीत कळायला हे वय उजाडावं लागलं.

लेक काही अशी विरघळणारी नव्हे. माफी मागितलीस ते ठीक, म्हणाली, पण डावखुरा आहे म्हणजे भला आहे असं कुणी सांगितलं? तिचं बरोबर होतं आणि मला तिचा रागही आला, दोन्ही एकदम. मग तिने तिच्या पद्धतीने चौकशी केली. त्याला चित्र दिसेल असा फोन लावायला सांगितला, मी शेजारी. त्याने उलट्या तारा लावलेली गिटार मांडीवर घेतली, दांडा भलत्याच बाजूला, आणि मी तेच वाजवणं ओळखलं, तोच श्वास घेतल्यासारखा थांबा. लेकीचं तेवढ्यावर भागलं नाही. शनिवारी स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू ढिला करून ती त्याच्या दुकानात गेली आणि घट्ट करून घेऊन आली. दुकानाचा मालक त्याला कधीपासून ओळखतो, गल्ल्यावरची बाई त्याच्याबद्दल काय म्हणते, सगळं काढून आणलं. मी विचारलं की मग कसा वाटला. ती म्हणाली की स्क्रू फुकट घट्ट करून दिला, आणि दोन्ही हातांची नखं मी बघितली. हे शेवटचं सांगताना तिला हसू आवरलं नाही.

जागा तिनेच ठरवली. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सरावाची खोली मिळते, दाराला मोठी काच. दार उघडं ठेवायचं असं लेकीचं म्हणणं, पण वाचनालयाची बाई आवाजामुळे ऐकेना, तेव्हा काचेवर तडजोड झाली. बाहेरच्या बाकावर लेक आणि हिरव्या शालीतली वहिनी अशा दोघी पहारेकरी, सुरुवातीला बाकाच्या दोन टोकांना. मी पेटी उघडली. आत ताईच्या पावडरचा वास होता, किंवा मला वाटला. राळ लावली, तारा लावून घेतल्या, त्याने त्याचे सूर माझ्याशी जुळवले, आणि त्याने मान हलवली तसं मी सुरू केलं. आणि तो थांबला. मीही थांबले. पुन्हा. तो खालून धरून ठेवत होता, मीही खालून धरून ठेवत होते, आणि वर काहीच नव्हतं. दोन माणसं दार धरून उभी, तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, आणि आत जायला कुणीच नाही. मग मला आठवलं, त्याने लिहिलेलं होतं की साथ करतो, आणि मी लिहिलेलं होतं की दुसरा आवाज वाजवते, आणि आम्ही दोघांनीही ते वाचलं होतं. मी त्याला सांगितलं की चाल माझी नाही, चाल माझ्या बहिणीची होती. त्याने गिटारवर हात आडवा ठेवला, तारा गप्प केल्या. “मग ती तुमच्याइतकी कुणी ऐकलीय?” तो म्हणाला.

चाळीस वर्षं मी तिच्या उजव्या बाजूला बसले, तिचा गज कधी वर जाईल ते तिच्या खांद्यावरून ओळखायचे, ती चुकायची कुठे तेही मला पाठ होतं. पण हात तिथे कधी गेला नव्हता. तिचा पहिला सूर माझ्या नेहमीच्या जागेपेक्षा वर होता, आणि तिकडे बोट नेताना मला दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं, मोठ्या बहिणीच्या कपाटाला हात लावावा तसं. पहिला सूर बेसूर लागला. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खालून धरून ठेवलं. म्हणजे माझं काम तो करत होता. ते कसं असतं, कुणीतरी खालून धरलेलं असणं, हे मला इतकी वर्षं देऊनही माहीत नव्हतं. ताईला रोज हे मिळत होतं तर! मला तिचा हेवा वाटला आणि बरंही वाटलं, आपण काहीतरी चांगलं देत होतो म्हणून. दुसऱ्यांदा सूर लागला. मग पुढचा. ताई जिथे नेहमी घाई करायची तिथे माझ्याही हाताने घाई केली, आणि त्याने सांभाळून घेतलं, जसं मी घ्यायचे. चाल पुढे गेली, वळली, संपली, अख्खी, आणि मग आम्ही ती परत पहिल्यापासून धरली. पर्समध्ये फोन थरथरला. अर्धा तास झाला असणार. लेक दहा पावलांवर काचेबाहेर होती, तरी नेमाने फोन करत होती. मी वाजवत राहिले. फोन थांबला, पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला.

दार उघडलं. लेक आत आली, फोन हातात, चेहरा रागावायला निघालेला. तिच्या मागे वहिनी, शाल अर्धी खांद्यावरून खाली, दोघी मघापासून एकाच टोकाला बसलेल्या असाव्यात. मी गज उचलला. लेकीची नजर माझ्या डाव्या हातावर गेली. मग म्हणाली, “आई, हे मावशी वाजवायची ना?”

“हो.”

“तू वाजवतेस हे मला माहीत नव्हतं.”

मलाही नव्हतं, पण ते मी तिला घरी गेल्यावर सांगणार होते. सहावी तार उठला, वाचनालयाची बाई ओरडेल म्हणून दाराकडे निघाला. मी त्याला म्हटलं, राहू द्या, दार उघडंच बरं. लेकीने एक खुर्ची वहिनींना ओढून दिली, एक स्वतः घेतली, आणि फोन पर्समध्ये टाकून दिला. मी डावा हात पुन्हा वर नेला, ताईच्या जागी.